दप्तराची दुसरी प्रत

बँकेच्या खिडकीपाशीं उभा असलेला खातेदार, रेल्वेचें तिकीट काढणारा प्रवासी आणि इस्पितळांत नांव नोंदविणारा रुग्ण, या तिघांचीही गांठ हल्लीं एकाच गोष्टीशीं पडते. तिचें नांव डेटाबेस. पूर्वीं कचेरींत ज्याला दप्तर म्हणत तेंच हें. फक्त रुमालांत बांधलेल्या कागदांऐवजीं तें सर्व्हर नांवाच्या यंत्रांत सांठविलेलें असतें, आणि एकाच वेळीं हजारों माणसें त्यांत नोंदी करीत व वाचीत असतात. पेशवाईंत दप्तरदार असे, तसा या नव्या दप्तराचाही एक अधिकारी असतो. बाहेरच्या जगाला तो सहसा ठाऊक नसतो. ठाऊक होतो तेव्हां बहुधा कांहीं तरी बिघडलेलें असतें.

त्याचें रोजचें काम दिसावयास अगदीं साधें. यंत्रांत जागा किती उरली, कोणती माहिती शोधण्यास नेहमींपेक्षां अधिक वेळ लागला, नोंदी बदलण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा परवलीचा शब्द अजून चालतो कीं काय, हें सारें त्यानें पाहावयाचें. हीं कामें महत्त्वाचीं खरींच. परंतु तीं चुकलीं तर बहुधा अडचण होते, आणि प्रत ठेवण्याचें काम चुकलें तर दप्तरच जातें.

प्रतींचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांचा घोटाळा जाणते लोकही करितात. मूळ यंत्राशेजारीं दुसरें यंत्र ठेवून प्रत्येक नोंद लागलीच त्यांत उतरवीत जाणें हा पहिला प्रकार. याला रेप्लिका म्हणतात. मूळ यंत्र मोडलें तर ही प्रत तत्काळ उभी राहते. परंतु मूळ दप्तरांतील हजार नोंदी कोणी चुकून खोडल्या, तर ही आज्ञाधारक सावली त्याही क्षणार्धांत खोडते. ठराविक वेळेची स्थिति जशीच्या तशी उतरवून दुसरीकडे, शक्य तर दुसऱ्या गांवीं, जपून ठेवणें हा दुसरा प्रकार, तो बॅकअप. मागें जाण्याची वाट फक्त यांतूनच सांपडते.

३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनीवर जो प्रसंग ओढवला तो या संदर्भांत फार बोधक आहे. जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपलें काम या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात. त्या रात्रीं मूळ यंत्रावरील भार अवचित वाढला आणि रेप्लिकेचें यंत्र मागें पडत पडत थांबलें. तें पुन्हा जुळविण्यासाठीं त्यावरील सर्व कांहीं पुसून मूळ यंत्रावरून नवी प्रत घेणें आवश्यक होतें. पुसणें झालें, पण प्रत घेण्याची आज्ञा दिल्यावर पडद्यावर कांहीं उमटेचना. वस्तुतः ती आज्ञा मूळ यंत्राची वाट पाहात होती. रात्र बरीच झाली होती. कांहीं फाइली राहून गेल्या असाव्यात अशा समजुतीनें काम करणाऱ्यानें पुसण्याची आज्ञा पुन्हा दिली, आणि ती मूळ यंत्रावरच दिली गेली. एक-दोन सेकंदांत चूक उमगली व त्यानें हात आवरला. तोंपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं अवघे साडेचार गिगाबाइट उरले होते.

इतकें कोणत्याही कचेरींत घडूं शकेल. खरा धक्का पुढें होता. रोज एक संपूर्ण प्रत दूरच्या भांडारांत जावी अशी योजना होती. भांडार उघडून पाहिलें तों रिकामें! प्रत काढणारें साधन पोस्टग्रेसच्या ९.२ या आवृत्तीचें आणि दप्तर ९.६ आवृत्तीचें, त्यामुळें तें काम निमूटपणें फसत होतें. फसल्याची खबर देणारे ई-मेल निघत होते खरे, पण त्यांवर आवश्यक ती ओळखीची खूण नसल्यामुळें ते वाटेंतच नाकारले जात होते. यंत्राची छबी घेण्याची आणखी एक सोय होती, ती डेटाबेसच्या यंत्रांना लावलेलीच नव्हती. शेवटीं कामीं आली ती सुमारें सहा तास आधीं भलत्याच प्रयोगासाठीं हातानें घेतलेली एक छबी. ती परत उभी करण्यास सुमारें १८ तास लागले, कारण ती मंदगति यंत्रावर होती. लोकांनीं लिहिलेले प्रोग्रॅम वांचले. पण सुमारें ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवीं खातीं यांना धक्का लागला.

तेव्हां "प्रत काढली" या निरोपावर दप्तरदारानें समाधान मानूं नये. एखाद्या रिकाम्या यंत्रावर ती प्रत प्रत्यक्ष उभी करावी, मुख्य कोष्टकांतील नोंदी मोजाव्या, शेवटची नोंद केव्हांची आहे तें पाहावें, आणि या सर्वाला किती वेळ लागला तोही टिपून ठेवावा. किती तासांच्या नोंदी गेल्या तर चालतील, दप्तर किती वेळ बंद राहिलें तर चालेल, या दोन प्रश्नांचीं उत्तरें मात्र त्यानें एकट्यानें ठरवूं नयेत. तीं ज्याचें दप्तर आहे त्याच्याकडून लेखी घ्यावीं. नोंदी खोडण्यापूर्वीं तीच अट घालून त्या आधीं मोजाव्या. आंकडा अपेक्षेबाहेरचा आला तर तेथेंच थांबावें. संपूर्ण फाइली काढावयाच्या असल्यास तूर्त त्यांचें नांव बदलून ठेवावें; पुसावयास उद्यांची सकाळ आहेच.

गिटलॅबनें हा सारा वृत्तांत लपविला नाहीं. दुरुस्ती चालू असतांनाच ती यूट्यूबवरून लोकांना दाखविली, आणि चुकलेल्या माणसाला कामावरून काढलें नाहीं. नंतर योजलेल्या उपायांत एक अगदीं साधा होता: मूळ यंत्रावर आज्ञेची ओळ तांबडी दिसावी, चांचणीच्या यंत्रावर पिवळी, आणि यंत्राचें पूर्ण नांव डोळ्यांसमोर राहावें. दुसरा उपाय म्हणजे नोंदींच्या सुरक्षिततेची जबाबदारी एका नेमक्या माणसावर सोंपविणें. प्रती वेळोवेळीं तपासल्या कां गेल्या नाहींत, याचें कंपनीनें स्वतःच प्रसिद्ध केलेलें कारण असें कीं, तें काम कोणाचेंच नव्हतें.