रेघ किती काळ टिकते?

धार जिल्ह्यातील राजगड या गावाजवळ मोहनखेडा हे श्वेतांबर जैनांचे प्रसिद्ध तीर्थ आहे. आदिनाथांचे मंदिर आणि ‘अभिधान राजेंद्र’ कोशाचे कर्ते आचार्य राजेंद्रसूरी यांची समाधी, यांमुळे माळवा, गुजरात व मारवाड येथील यात्रेकरूंचा येथे सतत राबता असतो. राजेंद्रसूरींचे देहावसान 1906 साली राजगड येथेच झाले. या परंपरेच्या कर्मविचारात क्रोधाचे एक विलक्षण वर्गीकरण आढळते. क्रोध किती मोठा, यापेक्षा तो किती काळ टिकतो यावर तेथे भर आहे. एक क्रोध पाण्यावरील रेघेसारखा, दुसरा वाळूतील रेघेसारखा, तिसरा जमिनीच्या भेगेसारखा आणि चौथा पर्वताच्या चिरेसारखा. तेराव्या शतकातील देवेंद्रसूरींच्या कर्मग्रंथात यांच्या मुदतीही सांगितल्या आहेत: पंधरवडा, चार महिने, वर्ष आणि आयुष्यभर.

भावना उपजते, तिचे निमित्त सरते, पण ती मात्र मागे उरते. हा उरलेला अंश पुढे काय करतो, याचा शोध विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी वेगळ्या वाटेने घेतला. त्यांत डॉल्फ झिलमन यांचे नाव प्रमुख. त्यांचा सिद्धांत ‘उत्तेजनाचे संक्रमण’ या नावाने सांगता येईल. राग, भय, हर्ष किंवा नुसते धावणे, यांपैकी काहीही झाले तरी शरीरात साधारण एकच गडबड उडते: हृदय जलद चालते, रक्तदाब वाढतो, अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते. मनाला विषय बदलण्यास क्षण पुरतो; रक्तात मिसळलेले द्रव्य ओसरण्यास मात्र काही मिनिटे लागतात. अशा वेळी समोर दुसरेच दृश्य आले, तर मन नव्या विषयात आणि शरीर जुन्या धुंदीत, अशी स्थिती होते. शरीराच्या त्या धडधडीवर तिच्या उगमाचे नाव लिहिलेले नसते. समोर जे असेल त्याचेच नाव तिला मिळते.

1971 साली झिलमन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही तरुणांना आधी मुद्दाम डिवचण्यात आले. नंतर कोणास साधा माहितीपट, कोणास मुष्टियुद्धाचे दृश्य, तर कोणास शृंगारिक चित्रपट दाखविला. त्यानंतर डिवचणाऱ्यास विजेचे धक्के देण्याची संधी त्यांना मिळाली. मुष्टियुद्ध पाहणारे सर्वांत कठोर होतील, असे कोणालाही वाटेल. पण अधिक तीव्र धक्के दिले ते शृंगारिक चित्रपट पाहणाऱ्यांनी. त्या चित्रपटात मारामारी नव्हती, पण शरीराला चेतवण्याची शक्ती अधिक होती, आणि ती सारी शक्ती आधीच्या रागाच्या पदरात पडली.

1975 चा प्रयोग याहून मार्मिक आहे. जोआन कँटर, झिलमन आणि जेनिंग्ज ब्रायंट यांनी तरुणांकडून जागच्या जागी फिरणारी सायकल चालवून घेतली व मग शृंगारिक चित्रपट दाखविला. ज्यांना तो लगेच दाखविला त्यांच्यावर श्रमाचा परिणाम दिसला नाही. आपण दमलो आहोत हे त्यांना ठाऊक होते. ज्यांना पुष्कळ वेळाने दाखविला त्यांचे शरीर निवलेच होते. फसले ते मधले. त्यांचे शरीर अद्याप तापलेले होते, पण आपण पूर्ववत झालो असे त्यांना वाटत होते. त्यांनाच चित्रपट अधिक उत्तेजक वाटला. आपला ताप त्यांनी चित्रपटाच्या खात्यावर मांडला.

जुन्या मराठी रंगभूमीवर गंभीर पौराणिक नाटकानंतर फार्स करीत असत. करुण आणि वीर रसांनी हललेले प्रेक्षक त्या फार्सला मनसोक्त हसत असतील, तर त्याचे सारे श्रेय फार्सलाच द्यावे काय, असा प्रश्न या प्रयोगांच्या प्रकाशात पडतो. तेथे निदान नुकसान कोणाचे नव्हते. आज हातातील मोबाइलवर अपघाताचे दृश्य, त्यामागून विनोद, त्यामागून एखाद्या समाजाविरुद्धचा मजकूर, असे सारे मिनिटभरात सरकते. तिसऱ्यावर आलेला संताप कितपत तिसऱ्याचा आणि कितपत पहिल्याचा, हे वाचणाऱ्यास कळत नाही. तो मजकूर मात्र त्याच आवेशात दहा जणांकडे गेलेला असतो.

झिलमन यांचा हिशेब मिनिटांचा, कर्मग्रंथाचा पंधरवड्यांचा व वर्षांचा. तेव्हा एकास दुसऱ्याचा पुरावा मानणे भाबडेपणाचे होईल. दीर्घकाळ टिकणारा राग रक्तातील द्रव्यावर टिकत नाही, तो आठवणीने पुन्हा पुन्हा पेटविला जातो. एका बाबतीत मात्र दोहोंचे सूत जुळते. उगम ध्यानात असेपर्यंत संक्रमण घडत नाही, हे सायकलच्या प्रयोगात दिसले. आणि प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थच मागे वळणे असा आहे. दिवसभरात मन कोठे कोठे गेले याची उजळणी त्यात करावयाची असते. ते रोज सायंप्रातः होते, शिवाय पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक असते. म्हणजे क्रोधाच्या पहिल्या तीन मुदतींशी त्याचे वेळापत्रक नेमके मिळते. दिवसाच्या प्रतिक्रमणाची वेळ सूर्यास्ताच्या सुमाराची. बहुतेक घरांत त्याच सुमारास दूरचित्रवाणीवर बातम्या आणि वादचर्चा सुरू होतात.