'गंजरोधक' सळईची परीक्षा कुठे होते?

लोखंड-सिमेंटच्या बहुतेक दुकानांच्या फलकावर हल्ली 'गंजरोधक टीएमटी' हे शब्द असतातच. घर बांधणारा माणूस थोडे जास्त पैसे मोजून ती सळई घेतो आणि एक काळजी मिटली असे समजतो. ही सळई गंजत नाही हे कुणी, कसे आणि कशात ठेवून तपासले, असा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. वास्तविक सगळे उत्तर त्या 'कशात' या शब्दात आहे.

जाहिरातीत बहुतेकदा ज्या चाचणीचे तास सांगितले जातात ती मिठाच्या फवाऱ्याची चाचणी असते. बंद पेटीत ३५ अंश सेल्सिअस तापमानात पाच टक्के मिठाच्या पाण्याचे धुके सतत सोडायचे आणि आतल्या तुकड्यावर किती तासांनी गंज दिसतो ते पाहायचे. ही चाचणी स्वस्त आहे, लवकर होते आणि दोन तुकडे शेजारी ठेवले की फोटोही छान येतो. रंग किंवा नट-बोल्टवरचा मुलामा एकसारखा बसला आहे का, हे पाहायला ती उपयोगी आहे. पण सळई काही धुक्यात उभी राहत नाही. ती काँक्रीटमध्ये असते आणि तिथली रसायने अगदी वेगळी असतात.

काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत जे पाणी असते ते कमालीचे अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२.५ ते १३.५ च्या घरात जातो. अशा पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा एक पापुद्रा आपोआप तयार होतो. त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर असते, पण तो शाबूत आहे तोवर साधी सळईसुद्धा पन्नास-शंभर वर्षे सुखाने राहू शकते. म्हणजे काँक्रीट हेच लोखंडाचे पहिले गंजरोधक आवरण. (बांधकामावर पावसात भिजून तांबूस झालेली सळई पाहून घरमालक घाबरतात. त्या हलक्या तांबूसपणाने फारसे बिघडत नाही. हाताने सुटणारी खपली मात्र तारेच्या ब्रशने काढायलाच हवी.)

हा पापुद्रा दोन गोष्टींनी जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत राहतो आणि काँक्रीटचा सामू नऊच्या खाली आणतो. दुसरे म्हणजे मीठ. समुद्राच्या वाऱ्यातून, भरतीच्या पाण्यातून किंवा न धुतलेल्या खाडीच्या रेतीतून आलेले क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले की सामू चांगला असूनही पापुद्रा जागोजागी फोडते. मग सळईचा एक भाग बॅटरीच्या ऋण टोकासारखा विरघळू लागतो, दुसरा धन टोकाचे काम करतो आणि मधले ओलसर काँक्रीट हे त्या बॅटरीतले पाणी. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. ते आतून फुटते. सळईचा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही थर खर्ची पडण्याआधी बहुतेकदा वरच्या काँक्रीटला तडा गेलेला असतो. स्लॅबखालचे पोपडे पडतात ते त्यामुळे.

पोपडे पडले तर निदान कळते तरी. ५ जुलै १९८६ रोजी पणजीत मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. पूर्वताणित काँक्रीटच्या पुलात साध्या सळयांऐवजी ताणलेल्या पोलादी तारांच्या केबल भार पेलतात. या केबल नळ्यांमध्ये असतात, नळीत सिमेंटचा रस नीट भरला गेला नाही तर पोकळी राहते आणि खारट ओल तिथे शिरते. ताणलेली तार झिजत झिजत एके दिवशी तुटते. बाहेरून तडा दिसेलच असे नाही. मांडवीवरच्या पुलाच्या पडझडीमागे या केबलींचा गंज होता. नंतर कित्येक वर्षे पणजीच्या लोकांची ये-जा फेरीबोटींवर होती. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९८५ मध्ये, वेल्समधला यनिस-य-ग्वास पूल याच कारणाने पडला होता. जेनोव्हाचा मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळून ४३ माणसे गेली, तिथेही काँक्रीटच्या आत दडलेल्या पोलादी तारांना गंजाने खाल्ले होते.

तेव्हा सळईची खरी परीक्षा काँक्रीटमध्येच घ्यायला हवी. ती घेतली जाते, पण तिला वेळ लागतो आणि म्हणूनच ती जाहिरातीत दिसत नाही. 'एएसटीएम जी १०९' नावाची एक प्रमाणित पद्धत आहे. काँक्रीटचा छोटा ठोकळा ओततात. त्यात वर एक सळई आणि खाली दोन. ठोकळ्याच्या माथ्यावर चौकट बसवून छोटेसे तळे करतात, त्यात तीन टक्के मिठाचे पाणी भरतात. दोन आठवडे पाणी, दोन आठवडे कोरडे, पुन्हा पाणी. वरची सळई आणि खालच्या सळया यांच्यामध्ये १०० ओहमचा रोध जोडलेला असतो. मीठ वरच्या सळईपर्यंत पोहोचून ती गंजू लागली की या रोधातून प्रवाह वाहू लागतो. एकूण वाहिलेला विद्युतभार १५० कुलोम झाला की चाचणी संपते. साध्या सळईलाही इथपर्यंत यायला कित्येक महिने लागतात. चांगल्या काँक्रीटमध्ये चांगली सळई असेल तर वर्षे जातात.

घाई असेल तर दुसरी पद्धत आहे. सळईचे विद्युत विभव दहा-वीस मिलिव्होल्टने किंचित हलवायचे आणि त्यासाठी किती प्रवाह लागतो ते मोजायचे. पापुद्रा शाबूत असलेली सळई अगदी थोड्या प्रवाहात हलते, गंजणारी सळई भरपूर प्रवाह ओढते. स्टर्न आणि गीरी यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून यातून गंजाचा वेग निघतो. दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोअँपिअर म्हणजे वर्षाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन लोखंड गेले. ०.१ च्या खाली आकडा असेल तर काळजी नाही. आपल्याकडे तमिळनाडूतील कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेत अशा मोजमापांचे काम अनेक दशके चालू आहे.

प्रयोगशाळेतल्या निकालावरही किती भिस्त ठेवावी, याचा धडा अमेरिकेने महागात घेतला. सळईला इपॉक्सीचा लेप देण्याची कल्पना तिथे १९७० च्या दशकात पुढे आली. चाचण्यांत लेप उत्तम ठरला. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटमालिकेवर त्या दशकाच्या अखेरीस नवे पूल बांधले गेले, तेव्हा भर समुद्रातल्या खांबांत ही हिरवी सळई घातली गेली. १९८६ मध्ये, म्हणजे सहा-सात वर्षांतच, लाटांचे पाणी उडते त्या पट्ट्यातले काँक्रीट फुटू लागले. प्रयोगशाळेतला तुकडा सरळ आणि जपून हाताळलेला होता. प्रत्यक्ष सळई वाकवली गेली, ट्रकमधून उतरवली गेली, उन्हात पडून राहिली. लेपाला बारीक ओरखडे पडले आणि मीठ त्या ओरखड्यांतून शिरून लेपाखाली पसरले. ओलीत लेपाची पकडही सुटली. फ्लोरिडाच्या वाहतूक विभागाने पुढे समुद्रातल्या खांबांसाठी ही सळई वापरणे बंद केले. माझ्या मते दोष लेपापेक्षा परीक्षेचा जास्त होता. साइटवर सळईचे जे हाल होतात ते चाचणीत नव्हतेच.

उलट उदाहरण मेक्सिकोतल्या युकातान किनाऱ्यावरच्या प्रोग्रेसो बंदराचे. तिथला लांबलचक धक्का १९४० च्या सुमारास स्टेनलेस स्टीलच्या सळया घालून बांधला गेला आणि तो आजही उभा आहे. त्याच्या शेजारी नंतर साध्या सळयांनी बांधलेला धक्का गंजाने कधीच मोडीत निघाला. स्टेनलेस सळई साध्या सळईच्या कित्येक पट महाग असते, म्हणून ती घराच्या स्लॅबमध्ये कुणी घालणार नाही. पण तिची परीक्षा समुद्राने ऐंशीहून अधिक वर्षे घेतली आहे.

आता आपल्या दुकानातली सळई. भारतीय मानक आयएस १७८६ प्रमाणे सळई ओढून, वाकवून, वाकवलेली पुन्हा सरळ करून तपासली जाते. तिची रासायनिक घटकद्रव्येही पाहिली जातात. तांबे, क्रोमियम, फॉस्फरस अशी द्रव्ये घालून गंज मंदावणारी सळई बनवायला मानक मुभा देते. मंदावणारी, थांबवणारी नव्हे. म्हणून विक्रेत्याला विचारायचे ते इतकेच : कारखान्याच्या चाचणी पत्रकात या द्रव्यांचे प्रमाण किती आहे, आणि गंजाची चाचणी काँक्रीटमध्ये झाली आहे की नुसत्या फवाऱ्यात?

त्याहून जास्त फरक पडतो तो सळईवर काँक्रीट किती जाड आहे याने. आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत स्लॅबसाठी किमान १५ मिलिमीटर कव्हर चालत असे. २००० च्या आवृत्तीने समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटसाठी ते ४५ मिलिमीटर केले. मीठ आत झिरपण्याचा हिशेब असा असतो की कव्हर निम्मे केले तर वेळ निम्मा नव्हे, जवळजवळ चौथाईवर येतो. स्लॅब भरताना सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडी सरकवणारा कारागीर इमारतीचे आयुष्य किती कमी करतो, याची त्याला कल्पना नसते.

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांचा या चाचण्यांशी संबंध येतो तो स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना ते बंधनकारक आहे. त्या अहवालात दोन चाचण्या नीट पाहाव्यात. पहिली शाळेत पाहिलेल्या फिनॉल्फ्थॅलिनची. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते शिंपडले की अल्कधर्मी भाग गुलाबी होतो, कार्बन डायऑक्साइडने मारलेला भाग रंगत नाही. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल तर पापुद्रा गेला असे समजावे. मात्र हे रसायन मीठ दाखवत नाही. समुद्राजवळच्या इमारतीत सगळे गुलाबी असूनही सळई गंजत असू शकते. त्यासाठी ड्रिलने निघालेली भुकटी वेगवेगळ्या खोलीवरून घेऊन क्लोराइड मोजावे लागते.

दुसरी हाफ-सेल चाचणी. एका ठिकाणी सळई उघडी करून तिला वायर जोडतात आणि तांबे-मोरचूदाचा इलेक्ट्रोड ओल्या केलेल्या पृष्ठभागावर फिरवतात. वाचन उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, उणे ३५० च्या पलीकडे गेले तर गंज चालू असण्याची शक्यता तितकीच. मधला पट्टा अनिश्चित. इथे आकडा शक्यतेचा आहे, वेगाचा नाही. कायम पाण्यात असलेल्या काँक्रीटमध्ये प्राणवायूअभावी गंज नसतानाही आकडा फार ऋण येतो, आणि रंगावरून किंवा टाइलवरून घेतलेल्या वाचनाला काहीच अर्थ नसतो. अहवालात प्रत्येक मजल्याचे दोन-तीन आकडे देऊन भागवले असेल तर सोसायटीने चौकटी आखून घेतलेल्या वाचनांचा पूर्ण नकाशा मागावा. गच्ची, पाण्याच्या टाकीखालचे बीम आणि शौचालयांलगतचे कॉलम त्यात आहेत का ते पाहावे. हा नकाशा सोसायटीच्या दप्तरी जपून ठेवला तर पुढच्या ऑडिटला त्याच बिंदूंवर पुन्हा इलेक्ट्रोड टेकवता येतो आणि कोणता बीम घसरतो आहे हे पोपडा पडण्याआधी दिसते.