कोपीतल्या लेकरांचा हिवाळा

मंडळी, अंबड तालुक्यात अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळी सरली की ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, माळावर कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या गारठ्यात आईबाप कोयते घेऊन निघतात. लेकरू मात्र कोपीत, नाही तर फडाच्या बांधावर.

आता, हिवाळ्यात सर्दी-पडसं व्हायचंच. ते बहुधा आपोआप बरं होतं. भीती आहे ती न्यूमोनियाची. आपण त्याला ‘डबा’ म्हणतो. तो ओळखायचा कसा? लेकरू शांत असताना घड्याळ लावून पुरा एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा त्याहून अधिक भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा लेकरू पीतच नसेल, तर १०८ ला फोन करा. बिब्बा, डागणी यांत वेळ दवडू नका.

ऊब हवीच, पण धूर छातीला वाईट. चूल कोपीबाहेर मांडा. तान्ह्याला टोपडं घालून अंगाशी धरा. सहा महिने आईचंच दूध द्या. गाव सोडताना लसीचं कार्ड बरोबर घ्या. न्यूमोनियाची लस दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

आणि गुरुजी, धाकट्याला सांभाळणारी पोर बहुधा शाळेच्याच वयाची असते. तिला पाढ्यांबरोबर हे श्वास मोजणंही शिकवा. आईबाप फडात असताना ती मोजणी कामी येईल.