वीस मिनिटांचा जलसा

ऑपेरा म्हटले की श्रीमंत गोऱ्यांचा शौक, असाच आपला समज. माझाही होता. अमेरिकेत नातेवाइकांकडे गेलो असताना वॉशिंग्टनमध्ये नव्या, छोट्या ऑपेरांची एक संध्याकाळ पाहिली आणि डोक्यात वेगळेच चक्र सुरू झाले.

ऑपेरा म्हणजे गाऊन सादर केलेले नाटक. वॉशिंग्टन नॅशनल ऑपेरा या संस्थेने २०१२ साली एक उपक्रम सुरू केला. नवोदित संगीतकार आणि लेखक यांच्या तीन जोड्या निवडायच्या, अनुभवी मंडळींनी त्यांना मार्गदर्शन करायचे आणि प्रत्येक जोडीने वीस मिनिटांचा नवा ऑपेरा रचायचा. मी पाहिलेला प्रयोग त्यातलाच. मोजके वादक, तरुण गायक, मायक नाही. गाण्याचे शब्द वर पडद्यावर उमटत होते. प्रयोग संपल्यावर संगीतकाराबरोबर शब्द लिहिणाराही रंगमंचावर आला. टाळ्या दोघांनाही सारख्याच मिळाल्या.

मी भारावून गेलो नाही. याच शहरात १९३९ साली मॅरियन अँडरसन या थोर कृष्णवर्णीय गायिकेला केवळ वर्णामुळे कॉन्स्टिट्यूशन हॉल नाकारला गेला. तेव्हा ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली आणि सुमारे ७५ हजार लोकांनी तिला ऐकले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने तिला १९५५ साली रंगमंच दिला. १८८३ साली सुरू झालेल्या या संस्थेत कृष्णवर्णीय संगीतकाराचा, टेरेन्स ब्लँचर्डचा, ऑपेरा होण्यास २०२१ साल उजाडावे लागले. म्हणजे गळा स्वीकारण्यास ७२ वर्षे आणि रचनाकार स्वीकारण्यास १३८ वर्षे! प्रस्थापितांना आपला आवाज चालतो, आपली लेखणी चालत नाही, हा अनुभव आपल्याला नवा आहे काय?

पण आपल्याकडे तर कुणाच्या दारात उभे राहण्याची गरजच नव्हती. सत्यशोधक जलशांची परंपरा होती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. गणातून गणपती गेला, गौळण गेली, त्यांच्या जागी माणसाच्या हक्काची भाषा आली. बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांच्या तोडीला एक जलसा ठेवला, ही आठवण आपण दरवर्षी व्यासपीठावरून सांगतो. आणि सांगून झाले की डीजे लावतो.

जयंतीच्या वर्गणीतून मंडप, कमान, रोषणाई आणि डीजेला किती जातात आणि नवे लिहिणाऱ्याला किती मिळतात? बहुतेक ठिकाणी उत्तर शून्य आहे. आमच्या कवींची गाणी वस्तीवस्तीत वाजली, कॅसेटी खपल्या. पण अनेक कवी कुडाच्या घरातच गेले. गाणे सर्वांच्या ओठी, कवीचे नाव कुणाला ठाऊक नाही!

वकील म्हणून सांगतो, कायदा येथे आपल्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे रचनेला आपले नाव लागणे हा रचनाकाराचा हक्क आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर करार लेखीच हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीतील गीतकार-संगीतकाराचा वाटा सुरक्षित केला. तो करारातून कंपनीच्या घशात घालता येत नाही. कवीच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे हे हक्क वारसांकडे राहतात. तेव्हा बांधवांनो, कोऱ्या कागदावर सही करू नका.

आता मंडळांना एक विनंती. येत्या जयंतीला डीजेचा एक दिवस कमी करा. त्या पैशातून वस्तीतल्याच तीन जोड्यांना, एक लिहिणारा आणि एक चाल बांधणारा, वीस-वीस मिनिटांचे तीन नवे जलसे करायला सांगा. विषय शोधायला लांब जायला नको: अडकलेली शिष्यवृत्ती, अॅट्रॉसिटीच्या खटल्यात फितूर झालेला साक्षीदार, आडनाव ऐकून नाकारलेली भाड्याची खोली. एखादी जोडी मुलींचीही असू द्या. मानधन आगाऊ द्या, लेखी द्या आणि पत्रिकेत पाहुण्यांच्या वर त्यांची नावे छापा.

तो करार मी विनामूल्य लिहून देईन. जलसा मात्र तुम्ही लिहा.

जयभीम!