दारापुढचा वाफा : हिरवळ नको, सदाफुली बरी

चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या पट्ट्यात कौलारू घरे जाऊन स्लॅबची घरे उभी राहिली. शेत एमआयडीसीत गेले, अंगण आखडले. तरी दारापुढे दहा फुटांची पट्टी उरतेच. तिथे काय लावावे, असे घरोघरी विचारले जाते. ग्रामपंचायतीत आणि अंगणवाडीतही. बहुतेक जण कंपनीच्या गेटसमोरची हिरवळ पाहून म्हणतात, "आपल्याकडंही तसंच करू."

जरा हिशेब मांडू. १० बाय १० फुटांची हिरवळ म्हणजे सुमारे ९ चौरस मीटर. वैशाखात तिला रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी लागते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. झाले रोजचे ४५ लिटर, म्हणजे तीन हंडे! २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे हिरवळ लावली की घरात खाणारे नाही, पण पिणारे एक माणूस वाढले. मोठ्या कंपनीकडे पगारी माळी असतो, सांडपाणी शुद्ध करून बागेला देण्याची सोय असते. आपल्याकडे तो हंडा घरातल्या बाईच्याच कमरेवर येतो.

म्हणून रोप श्रावणात नर्सरीत कसे दिसते ते पाहू नका. चैत्र-वैशाखात ते काय मागेल, ते आधी विचारा.

भिंतीच्या बाजूला देशी एकेरी लाल जास्वंद आणि तगर लावावी. दोन झाडांत चार फूट अंतर ठेवावे. मुळे धरल्यावर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी दिले तरी ही झाडे तगतात. जास्वंदीवर पांढरा ढेकूण दिसला, तर तो शेंडा छाटून जाळावा व ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. मधल्या ओळीत सदाफुली एकेक फुटावर लावावी. शेळी तिला सहसा तोंड लावत नाही, आणि बी पडून ती आपोआप उगवते. कडेला चिनी गुलाब, म्हणजे आपला 'ऑफिस टाइम'. त्याला ऊन भरपूर हवे, पाणी थोडे. कोपऱ्यात गुलबक्षी टाका. वरून वाळली तरी जमिनीतल्या कंदातून पावसाळ्यात पुन्हा फुटते.

आता जपायचे काय, तेही ऐका. महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर जोमाने वाढते, जनावर ती खात नाही, म्हणून दारात लावू नका. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. छाटलेला पाला वाळला तरी विष जात नाही आणि चाऱ्यात गेला तर जनावर दगावते. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बिया पोरे खेळायला घेतात. शाळा-अंगणवाडीच्या आवारात ती नकोच. गुलबक्षीचे काळे बीही लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधे बनतात हे खरे, पण म्हणून साखरेच्या आजारावर कुणी तिची पाने चावून खाऊ नयेत. ते औषध कारखान्यात मोजून बनते, अंगणात नाही. घाणेरी फुलते छान, पण तिचे बी पाखरे रानात नेतात आणि मग गायरान तिचेच होते.

वाफा भिंतीपासून दोन फूट सोडून करा, नाहीतर भिंतीला ओल धरेल. बांधकामाचा चुना, सिमेंट, खडी काढून दीड फूट खोदा. दोन पाट्या मातीला एक पाटी चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरा. वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा. पाणी साचले की सदाफुली मुळात कुजते. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावणी करा. दिवाळीनंतर वाळला पाला किंवा भुसा चार बोटे जाड अंथरा, ओल टिकते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी वाफ्यातच सोडा.

रोपांवर फार खर्च नको. फांद्या आणि बी शेजारीपाजारी मिळते. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांना एकच सांगणे : सुशोभनाच्या ठरावात रोपांच्या किमतीआधी एक ओळ लिहा, मे महिन्यात पाणी कोण घालणार. त्या ओळीत नाव नसेल, तर पैसे खर्चू नका.