हेमलकशाच्या वनाची चित्रनोंद

गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व सीमेलगत, भामरागड तालुक्यात हेमलकसा हे गाव वसले आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम येथून जवळच आहे. बाबा आमटे यांनी १९७३ साली येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या कार्यामुळे गावाचे नाव सर्वदूर पोहोचले. गावाभोवतीचे अरण्य मात्र त्या मानाने अपरिचित राहिले. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू, कुसुम, चारोळी व बांबू यांनी समृद्ध असलेले हे पानझडी वन म्हणजे माडिया गोंड समाजाच्या अन्नाचे, औषधाचे आणि रोख उत्पन्नाचे साधन होय. कोणती वनस्पती कोठे आढळते, ती केव्हा फुलते आणि गावात तिला काय म्हणतात, हे ज्ञान मुख्यत्वे वडीलधाऱ्यांच्या स्मरणात साठलेले आहे. ते नोंदवून ठेवण्याच्या कामी छायाचित्र मोलाचे ठरते.

नोंदवहीची गरज

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, स्थानिकांच्या साहाय्याने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे प्रमुख काम आहे. केवळ नावांची यादी या कामी अपुरी पडते. एकाच झाडाला शेजारच्या दोन गावांत निराळी नावे असतात, तर कधी एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. नावासोबत चित्र असल्यास ही शंका उरत नाही आणि पुढे येणाऱ्या शिक्षकास वा अधिकाऱ्यास नोंद पडताळून पाहता येते.

वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटविण्याची शास्त्रीय पद्धत जुनी व विश्वसनीय आहे. पुणे येथे १९५५ पासून कार्यरत असलेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाच्या संग्रहालयात असे नमुने जतन केलेले आहेत. तथापि वाळलेल्या फुलाचा रंग उडतो आणि मोठ्या वृक्षाची साल कागदावर दाबता येत नाही. ही उणीव छायाचित्र भरून काढते. शिवाय त्यासाठी वनातील एक पानही तोडावे लागत नाही.

ऋतुमानाप्रमाणे रंग

पानझडी वनाचे एकच छायाचित्र अपुरे असते, कारण या वनाचे रूप वर्षभर पालटत राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाची पाने गळून फांद्या केशरी फुलांनी भरतात. त्याच सुमारास कुसुमाची कोवळी पालवी लालभडक दिसते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. एप्रिल-मे हा तेंदूपाने गोळा करण्याचा हंगाम होय. साग पावसाळ्यात फुलतो, तेव्हा त्याचे बारीक पांढरे तुरे शेंड्यावर दिसतात. बांबूला तर कित्येक दशकांतून एकदाच फुलोरा येतो. म्हणून तो दिसताच त्याचे चित्र घेणे अगत्याचे ठरते. एखादे झाड ठरवून, त्याच जागी उभे राहून वर्षातून चार वेळा चित्र घेतल्यास त्या झाडाचे संपूर्ण वर्ष नोंदवहीत उतरते.

रंग अचूक येण्यासाठी थोडी काळजी घ्यावी लागते. दाट पानांतून गाळून येणारा प्रकाश हिरवट असतो आणि त्यामुळे फुलाचा मूळ रंग बदललेला भासतो. अशा वेळी फुलाशेजारी कोरा पांढरा कागद धरून एक जादा चित्र घ्यावे. त्यावरून रंगात पुढे दुरुस्ती करता येते. नाजूक फुलांसाठी कडक उन्हापेक्षा ढगाळ हवेचा मंद प्रकाश चांगला.

सालीचा पोत

उन्हाळ्यात पाने नसताना झाड सालीवरून ओळखावे लागते. ऐनाची जाड साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. तेंदूची काळी साल लहान चौकोनी तुकड्यांत फाटते. धावड्याची साल फिकट व गुळगुळीत, तर कुलूचे खोड पांढरे व चमकदार असते. समोरून झोत टाकला असता हे उंचसखलपण चित्रात नाहीसे होते. सकाळी अथवा दुपार कलल्यावर तिरपे ऊन बाजूने पडते, तेव्हा प्रत्येक भेगेची सावली उमटून पोत स्पष्ट होतो. आकाराचा अंदाज यावा म्हणून सोबत मोजपट्टी धरावी. बिज्याच्या खोडातून रक्तासारखा लाल डिंक पाझरतो. परंतु तो दाखविण्यासाठी झाडाला इजा करू नये.

नोंद व दक्षता

प्रत्येक वनस्पतीची संपूर्ण झाड, साल, पानाच्या दोन्ही बाजू, फूल आणि फळ अशी चित्रे असावीत. त्यांखाली दिनांक, गाव, माडिया नाव, मराठी नाव आणि खात्री झाल्यावरच शास्त्रीय नाव लिहावे. माडिया नाव जाणत्या व्यक्तीच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत उतरवून घ्यावे. यासाठी साधा भ्रमणध्वनीही पुरेसा आहे. पावसाळ्यात दमट हवेमुळे कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी चढते, म्हणून तो सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावा.

एक धोका मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. भ्रमणध्वनीने घेतलेल्या चित्रात पुष्कळदा ठिकाणाची अचूक नोंद आपोआप साठते. दुर्मीळ औषधी वनस्पतीचा ठावठिकाणा असे चित्र सर्वत्र पाठविल्याने उघड झाला, तर ती समूळ उपटली जाण्याचा संभव असतो. म्हणून चित्र बाहेर देण्यापूर्वी ठिकाणाची नोंद काढून टाकावी आणि औषधी उपयोगाची माहिती ग्रामसभेच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करू नये.

हेमलकशाच्या मार्गावरील आलापल्ली येथील ‘वनवैभव’ या वनखंडास २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. असा दर्जा प्रत्येक वनास लाभणे शक्य नाही. परंतु आपल्या शिवारातील झाडांची सचित्र नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीस सिद्ध करता येईल. शाळेतील मुलांनी चित्रे घ्यावीत, वडीलधाऱ्यांनी नावे सांगावीत आणि समितीने ती जतन करावीत, अशी कामाची वाटणी झाल्यास एका पिढीचे वनज्ञान पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल.