अॅनिमेशन, एडिटिंग आणि ध्वनी : फी भरण्यापूर्वी मुलाने काय शिकावे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की बाजारात दुकानादुकानांतून मुलांच्या पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. पूर्वी ही चर्चा डिप्लोमा, आय.टी.आय. किंवा डी.एड.पर्यंत येऊन थांबत असे. आता त्यात अॅनिमेशन, फिल्म एडिटिंग आणि साऊंड या तीन नावांची भर पडली आहे. खासगी संस्थांची फी लाखांच्या घरात जाते. त्यासाठी कोणी कर्ज काढतो, कोणी घरातले सोने मोडतो. एवढी रक्कम गुंतवणाऱ्या बापाला हे काम नेमके काय आहे याची कल्पना मात्र नसते. न पाहिलेल्या मालाला आगाऊ पैसे देण्यासारखाच हा प्रकार आहे.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य कापडाच्या व्यापारात गेले. परंतु घरातील एका मुलाने हे शिक्षण घेतले, तेव्हा त्याच्या शेजारी बसून पुष्कळ गोष्टी समजून घेता आल्या. कापडाच्या धंद्याशी या कामाचे बरेच साम्य आहे. म्हणून आपल्या ओळखीच्या भाषेत या तीन हुनरांची मुळाक्षरे येथे मांडत आहे.

चित्र हलते कसे?

पडद्यावर प्रत्यक्षात काहीच हलत नाही. एकामागून एक स्थिर चित्रे वेगाने दाखविली जातात आणि आपली नजर व मेंदू मिळून त्यांची अखंड हालचाल करून घेतात. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात, तर आपल्याकडील दूरदर्शनच्या पद्धतीत २५. यंत्रमागावर इंचाला किती पिक बसतात यावर कापडाचा पोत ठरतो, तसेच हे समजावे. विणकाम सुरू करण्यापूर्वी पिक ठरवावा लागतो, त्याप्रमाणे काम सुरू करण्यापूर्वी फ्रेमचा हिशेब ठरवावा लागतो. मध्येच तो बदलला तर सगळा माल बिघडतो. चित्राची रुंदी आणि उंची यांचे प्रमाणही आधीच ठरवतात. हा चित्राचा पन्हा. टीव्हीसाठी तो १६ ला ९ असा आडवा असतो. मोबाईलवरील छोट्या चित्रफितींसाठी हेच प्रमाण उलटे करून उभे धरतात.

अॅनिमेशन म्हणजे या फ्रेम कॅमेऱ्याने सलग न टिपता एकेक करून तयार करणे. मग ते हाताने काढलेले चित्र असो, मातीची बाहुली असो की संगणकातील आकृती. एका मिनिटाला १,४४० फ्रेम लागतात. पुष्कळदा एकच चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे ७२० चित्रांत काम भागते. हालचालीतील मुख्य टप्प्यांची चित्रे उस्ताद काढतो, त्यांना की-फ्रेम म्हणतात. मधली चित्रे भरण्याचे काम पूर्वी शागीर्द करीत असत. आज ते बहुतांशी संगणक करतो. त्यामुळे नुसती मधली चित्रे भरता येणाऱ्याची रोजी कमी होत आहे, आणि मुख्य टप्पा कोठे असावा हे कळणाऱ्याची किंमत टिकून आहे. पालकांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

शिकणाऱ्याला पहिला धडा चेंडूचा देतात. चेंडू वर जाताना मंद होतो, खाली येताना वेग घेतो. म्हणून वरच्या टोकाजवळ चित्रे दाट येतात आणि जमिनीजवळ विरळ. आपटताना चेंडू किंचित चपटा होतो, पण त्याचे आकारमान तेवढेच राहते. एवढे साधले की चेंडू रबराचा आहे की लोखंडाचा, हे रंग न भरताही पाहणाऱ्याला कळते. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन जुन्या कारागिरांनी १९८१ साली आपल्या पुस्तकात अशी बारा तत्त्वे मांडली. आजही जगभर शिक्षणाची सुरुवात त्यांच्यापासूनच होते.

हे काम आपल्याकडे परके नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. तो पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि त्यांना कर्ज मिळाले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने यातील बोध असा की, आधी नमुना दाखवावा आणि मग पैसा मागावा. पुढे १९५६ च्या सुमारास मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी प्रशिक्षण दिले. त्या तालमीतून राम मोहन यांच्यासारखे कलावंत घडले. १९७४ चे ‘एक अनेक और एकता’ हे कार्टून अनेकांना आठवत असेल. तेही फिल्म्स डिव्हिजनचेच.

कात्री कोठे चालवावी?

एडिटिंग म्हणजे नको तो भाग कापून टाकणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. टेलर मास्टर कापड कापतो, पण त्याची मजुरी कापण्याची नसते, बेतण्याची असते. एडिटरचेही तसेच. रशियातील लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने सुमारे १९२० मध्ये एक प्रयोग केला. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने एकदा सूपच्या थाळीशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी आणि एकदा स्त्रीशेजारी. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी शोक, तर कधी ओढ. नट बदलला नव्हता, केवळ शेजार बदलला होता. एडिटिंगचे सारे बळ यात आहे.

नवशिक्याने तीन-चार नियम पक्के करावेत. पहिला, दोन माणसे बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा धरावी आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवावा. नाहीतर समोरासमोर बसलेली माणसे पडद्यावर एकाच दिशेला पाहताना दिसतात. दुसरा, शक्य तेथे हालचालीच्या ओघात कापावे. माणूस खुर्चीवर बसत असताना दृश्य बदलले तर सांधा दिसत नाही. तिसरा, आवाज आणि चित्र एकाच ठिकाणी कापू नये. पुढच्या दृश्याचा आवाज थोडा आधी सुरू करावा किंवा मागच्याचा थोडा पुढे न्यावा. शिवणीत कापड थोडे एकावर एक घेतात, तसाच हा प्रकार. चौथा, प्रत्येक दृश्य ठेवताना ते कशासाठी आहे असे विचारावे. उत्तर नसेल तर ते कितीही सुंदर असो, काढावे.

साधने कमी असली म्हणून हे काम अडत नाही. याचा दाखला आपल्याच यंत्रमागांच्या गावात आहे. मालेगावचे नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट २००० साली काढला. एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर उतरवून जोडणी करायची, सायकलीची ट्रॉली करायची आणि बैलगाडीची क्रेन, अशी त्यांची पद्धत. पुढे सुपरमॅनला आकाशात उडविण्यासाठी त्यांनी हिरव्या पडद्याचे तंत्र वापरले. या तंत्रात माणसामागील हिरवा रंग संगणक काढून टाकतो आणि तेथे दुसरे दृश्य भरतो. त्यासाठी कापड चमक नसलेले, एकसारख्या रंगाचे आणि सुरकुती नसलेले असावे लागते. फैजा अहमद खान यांनी या खटाटोपावर माहितीपट केला आणि २०२५ मध्ये ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपटही प्रदर्शित झाला. मागाच्या खडखडाटात वाढलेल्यांना हे जमले, ही गोष्ट लहान नाही.

आवाजाचा हिशेब

तीन हुनरांपैकी सर्वांत दुर्लक्षित म्हणजे ध्वनी. चित्र थोडे अंधुक असले तरी लोक चालवून घेतात. संवाद ऐकू आला नाही तर मात्र उठून जातात. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला, तेव्हापासून आपला प्रेक्षक कानानेही सिनेमा पाहत आला आहे.

संगणक आवाजाचे एका सेकंदात हजारो वेळा माप घेऊन ठेवतो. चित्रपट आणि व्हिडिओसाठी हा आकडा साधारणतः ४८,००० असतो. माणसाचा कान जास्तीत जास्त सुमारे २०,००० कंपने ऐकतो आणि ती नीट पकडण्यासाठी त्याच्या दुपटीहून अधिक मापे लागतात. म्हणून हा आकडा. रेकॉर्डिंग करताना आवाजाची पट्टी वरच्या टोकाला, म्हणजे शून्याला, कधीही टेकू देऊ नये. बोलण्याची उंच टोके उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिली म्हणजे बरे. हळू आलेला आवाज थोडाफार वाढवता येतो, पण फाटलेला आवाज सुधारत नाही. जळालेल्या कापडाला रफू करण्यासारखेच ते आहे.

माईक तोंडाजवळ असावा, ही दुसरी गोष्ट. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे माणूस १४ मीटर दूर असेल तर त्याचा आवाज एक फ्रेम उशिरा पोहोचतो, शिवाय खोलीचा घुमारा त्यात मिसळतो. तिसरी गोष्ट, काम संपल्यावर सर्वांनी गप्प बसून त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड करावी. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संवादातील जोड झाकण्यासाठी ती अस्तरासारखी उपयोगी पडते.

पावले, भांडी, दार यांचे आवाज पुष्कळदा नंतर वेगळे रेकॉर्ड करून चित्राला जुळवतात. याला फोली म्हणतात. त्यात कपड्यांच्या सळसळीचे काम स्वतंत्र असते. खळ दिलेले सुती, रेशीम आणि नायलॉन हलताना वेगवेगळे बोलतात, हे कापडवाल्याच्या मुलाला निराळे शिकवावे लागत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसूल पुकुट्टी यांना २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळाले. तेव्हापासून या कामाकडे पाहण्याची आपल्या लोकांची नजर थोडी बदलली.

फीपूर्वीची परीक्षा

आता मुख्य मुद्दा. मुलाला या कामाची खरोखर ओढ आहे की केवळ सिनेमाची हौस, हे कसे ओळखावे? त्यासाठी तीन महिने घरीच काम द्यावे. साधने फुकट मिळतात. अॅनिमेशनसाठी ब्लेंडर आहे, एडिटिंगसाठी दा विंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती आणि आवाजासाठी ऑडॅसिटी. त्यासाठी बरा संगणक लागतो, तो घरी नसेल तर ओळखीच्याकडे बसावे. ब्लेंडर म्हणजे खेळणे नव्हे. लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा चित्रपट त्याच्यावरच तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

पहिल्या महिन्यात मुलाने उसळणारा चेंडू आणि चालणारा माणूस करावा. दुसऱ्या महिन्यात मोबाईलवर शेजारच्या एखाद्या कारागिराचे काम टिपून दोन मिनिटांची जोडणी करावी. तिसऱ्या महिन्यात त्या चित्रफितीचा मूळ आवाज पूर्ण काढून सगळे आवाज स्वतः रेकॉर्ड करून बसवावेत. तीन महिन्यांनंतरही मुलगा रात्री उशिरापर्यंत त्याच फ्रेमशी झगडत असेल तर त्याला जरूर शिकवावे. पंधरा दिवसांत कंटाळला, तर घरातले सोने वाचले. मुलींनाही ही संधी द्यावी. पुण्यात शिकलेल्या रेणू सलुजा यांनी ‘जाने भी दो यारों’ आणि ‘परिंदा’ यांसारखे चित्रपट एडिट करून हे काम बाईचे की पुरुषाचे हा प्रश्नच निकालात काढला.

संस्था निवडताना आधी सरकारी संस्थांची चौकशी करावी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (स्थापना १९६०) एडिटिंग आणि ध्वनी यांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि पवईच्या आय.आय.टी.मधील डिझाइन विभागात अॅनिमेशन शिकवतात. सर्वत्र प्रवेश परीक्षा आहे आणि तेथे या तीन महिन्यांचे काम उपयोगी पडते.

खासगी संस्थेत जायचे असल्यास पुढील गोष्टी विचाराव्यात. मागील विद्यार्थ्यांचे काम पाहावयास मिळेल काय? दर आठवड्याला प्रत्येक विद्यार्थ्याला संगणकावर किती तास मिळतात? शिकवणारा स्वतः या धंद्यात काम करतो काय? मुलाने मध्येच सोडल्यास किती फी परत मिळेल? नोकरीची हमी असेल तर ती लेखी द्यावी, असे स्पष्ट सांगावे. तोंडी हमीला बाजारात किंमत नसते.

शिकून झाल्यावर सुरुवातीची रोजी बहुधा लग्नाच्या व्हिडिओतून किंवा दुकानांच्या जाहिरातींतून मिळते. काम घेताना कच्चा माल किती तासांचा आहे, तयार चित्रफीत किती मिनिटांची हवी, दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या आणि आगाऊ रक्कम किती, हे कागदावर घ्यावे. सिनेमाचे गाणे जाहिरातीला लावायचे तर हक्कदाराची परवानगी लागते. कामाच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. कोणाच्या निकाहची चित्रफीत हरवली तर ती भरून देता येत नाही, आणि गावात त्यानंतर कोणी काम देत नाही.

आपल्या समाजात हातांत हुनर असलेली मुले पुष्कळ आहेत. ज्या घरांत नक्षी काढली जाते, धागा जोडला जातो, मापाने कापले जाते, त्या घरांतील मुलांना हे काम अनोळखी वाटण्याचे कारण नाही. पालकांनी घाईने नकार देऊ नये आणि जाहिरात पाहून घाईने पैसेही भरू नयेत. आधी चेंडू उसळू द्यावा, मग थैलीची दोरी सोडावी.